तिरप्या प्लॉटवर कर्सर १७ अंशांत धरायचा कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागातल्या एका प्लॉटचं ड्रॉइंग ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललं आहे, मापं मिलिमीटरमध्ये. रस्त्याकडची हद्द आडवी नाही, १७ अंशांनी तिरपी आहे. कर्सर त्या तिरप्या दिशेत आणि तिच्या काटकोनातच सरकावा, तेही ५० मिलिमीटरच्या टप्प्यांनी, असं हवं आहे. पोलरमध्ये, म्हणजे कर्सरला ठराविक कोनांकडे ओढणाऱ्या सोयीत, १७ टाकलं तर कर्सर भलत्याच कोनांवर अडकतो, काटकोनात वळत नाही, आणि टप्पे तर पडतच नाहीत.

आधी जे चुकतंय ते सांगतो. मग तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगेन, कारण खरी गोम तिथे आहे.

तुम्ही १७ हा आकडा पोलरच्या सेटिंग्जच्या डायलॉगमध्ये ‘इन्क्रिमेंट अँगल’ या खान्यात टाकला असणार. तिथे टाकलेल्या कोनाच्या पटी धरल्या जातात. म्हणजे १७, ३४, ५१, ६८, ८५, १०२, ११९ असा पाढा सुरू होतो. त्यात ९० येत नाही आणि तुमचा काटकोन, म्हणजे १०७, तोही येत नाही. म्हणून कर्सर ‘भलत्याच’ कोनांवर थांबतो. तो बिचारा पाढा म्हणतोय. त्या खान्यात ९० ठेवा आणि शेजारच्या ‘अ‍ॅडिशनल अँगल्स’च्या यादीत १७, १०७, १९७ आणि २८७ असे चार कोन वेगवेगळे भरा. या यादीतल्या कोनांच्या पटी होत नाहीत, जेवढे लिहाल तेवढेच मिळतात, म्हणून चारही लिहावे लागतात. जास्तीत जास्त दहा कोन बसतात. यादीच्या वरच्या चौकोनात टिक करायला विसरू नका. निम्मे लोक तिथेच फसतात.

टप्प्यांचं असं आहे. त्याच डायलॉगमध्ये स्नॅपचा, म्हणजे कर्सरला ठराविक अंतरांवर थांबवण्याचा, टॅब आहे, त्यात खाली ‘स्नॅप टाइप’. तो मुळात ग्रिड स्नॅपवर असतो. तिथे ‘पोलरस्नॅप’ निवडा आणि ‘पोलर डिस्टन्स’मध्ये ५० लिहा. तिथे शून्य राहिलं तर स्नॅपचं एक्स-अंतर वापरलं जातं, आणि मग टप्पे कुठून येऊन राहिले याचा पत्ता लागत नाही. एवढं झालं की एफ ९ (स्नॅप) आणि एफ १० (पोलर) दोन्ही चालू पाहिजेत. नुसता पोलर चालू असेल तर दिशा मिळते, टप्पा नाही. नुसता स्नॅप चालू असेल तर काहीच होत नाही, कारण पोलरस्नॅप फक्त ठिपक्यांच्या रेषेवर काम करतो.

हे टप्पे आधीच्या बिंदूपासून मोजले जातात, हा पोलरस्नॅपचा मोठा फायदा. ग्रिड स्नॅपची जाळी मूळबिंदूपासून अंथरलेली असते. तुमच्या प्लॉटचा कोपरा त्या जाळीवर बसायची शक्यता जवळजवळ नाही. त्यातून सर्व्हेवाल्याने टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस या मोजणीच्या यंत्रांवरून यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या, आकड्यांत फाइल दिली असेल तर विचारूच नका. नागपूर यूटीएमच्या ४४ व्या झोनमध्ये येतं आणि इथला उत्तरेकडचा आकडा मीटरमध्येच २३ लाखांच्या पुढे असतो. कोणी ती फाइल हजाराने गुणून मिलिमीटरमध्ये केली की २३० कोटींच्या वरचे आकडे घेऊन बसावं लागतं. अशा ठिकाणी ५० च्या जाळीचा आणि तुमच्या कोपऱ्याचा संबंध योगायोगानेच जुळेल.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण ‘कर्सर त्याच दिशेत सरकावा’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा पोलरकडून तुम्ही जी अपेक्षा करता ती तो पूर्ण करत नाही. पोलर अडवत नाही, सुचवतो. कर्सर त्या दिशेच्या जवळ आला तर ठिपक्यांची रेषा दाखवून ओढून घेतो, जरा लांब गेला की सोडून देतो. घाईत क्लिक केलं आणि ती रेषा दिसत नसली तर बिंदू जिथे हात होता तिथे पडतो. पडद्यावर रेषा १७ अंशांतलीच वाटते, असते मात्र १६.८ किंवा १७.३ मध्ये. भिंती रेघांनी भरायला हॅच घेतला की तो गळतो, जादा रेषा छाटणारा ट्रिम चालत नाही, आणि मग माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देतो.

ऑर्थो वेगळा. एफ ८ दाबला की माउसने आडव्या-उभ्याशिवाय जाताच येत नाही. तो गवंड्याच्या गुण्यासारखा आहे, एक तर काटकोन नाही तर काहीच नाही. ऑर्थो आणि पोलर एका वेळी चालू राहत नाहीत, एक लावला की दुसरा बंद होतो. पोलर लावून काम करताना क्षणभर ऑर्थो हवा असेल तर शिफ्ट दाबून धरा, सोडलं की पुन्हा पोलर. मात्र ऑर्थोलाही न जुमानणाऱ्या दोन गोष्टी आहेत: टाइप केलेले कोऑर्डिनेट आणि ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे आधीच्या रेषांची टोकं वगैरे नेमकी पकडण्याची सोय. ऑर्थो चालू असताना तुम्ही एखाद्या एंडपॉइंटवर क्लिक केलं तर रेषा तिरपी का होईना, तिथेच जाते. आणि कायम चालू ठेवलेल्या ऑब्जेक्ट स्नॅपमध्ये ‘निअरेस्ट’ असेल तर तो आधी काढा. तो कुठल्याही रेषेवर कुठेही चिकटतो आणि तुमच्या दिशेचा सत्यानाश करतो. लागेल तेव्हा एका क्लिकपुरता हातानं बोलवावा, घरात ठेवू नये.

एकाच रेषेसाठी खरंच अडवायचं असेल तर सर्वांत साधी युक्ती फार कमी लोक वापरतात. लाइन कमांडमध्ये पहिला बिंदू दिल्यावर, पुढचा बिंदू विचारतो तिथे ‘<१७’ टाइप करून एंटर करा, आकडे अर्थात इंग्रजी. कर्सर त्या दिशेच्या रेषेवर जखडला जातो, स्नॅप, ऑर्थो, पोलरस्नॅप सगळ्यांना बाजूला सारून. मग माउस हव्या त्या बाजूला न्या आणि लांबी टाइप करा. ही कुलुपं एका बिंदूपुरतीच असतात, पुढच्या बिंदूला कर्सर मोकळा. ऑब्जेक्ट स्नॅप आणि टाइप केलेले कोऑर्डिनेट मात्र इथेही वरचढ ठरतात.

डायनॅमिक इनपुट चालू असेल, म्हणजे एफ १२, तर कर्सरजवळच्या खान्यात लांबी लिहून टॅब दाबलं की ती लांबी जखडते आणि छोटं कुलूप दिसतं. मग तेवढ्या त्रिज्येवर कर्सर फक्त गोल फिरतो, कोन तुम्ही दुसऱ्या खान्यात द्या किंवा एखाद्या रेषेला टेकवा. अंतर ठरलेलं पण दिशा अजून ठरायची, अशा वेळी हे फार सोयीचं.

आता न विचारलेली गोष्ट. हे १७ तुम्हाला कुठून मिळाले?

सर्व्हेच्या फाइलमधली हद्दीची रेषा निवडून, लिस्ट कमांड देऊन तुम्ही कोन बघितला असेल, तर लक्षात घ्या की ऑटोकॅडच्या नेहमीच्या टेम्पलेटमध्ये कोनाची अचूकता शून्य दशांश असते. रेषा १६.६ अंशांत असो की १७.४ अंशांत, तुम्हाला १७ च दिसणार. युनिट्स कमांड देऊन कोनाची अचूकता चार दशांशांवर न्या आणि पुन्हा लिस्ट करा. मला तरी आजवर नेमक्या १७ अंशांत असलेली हद्द सापडलेली नाही. जमीन काही कंपासपेटी घेऊन बसलेली नसते.

अर्धा अंश म्हणजे किती, असं वाटेल. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घ्या, आपल्याकडे लेआउटमध्ये हा नेहमीचा. ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर. एवढ्या लांबीत एक अंशाची चूक दुसऱ्या टोकाला २६६ मिलिमीटर होते, म्हणजे साडेदहा इंच. अर्धा अंश चुकला तर १३३ मिलिमीटर, साडेचार इंची भिंतीच्या जाडीपेक्षा जास्त. बाजूला सोडायची जागा आधीच काटेकोर मोजून ठेवलेली असते, त्यात कोपऱ्यावर पाच इंच गेले की मंजुरीच्या नकाशात एक आणि जागेवर दुसरंच.

माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या कामात सर्व्हेवाल्याने कोन कागदावर लिहून दिला होता, १७ अंश ३० मिनिटं. मी ऑटोकॅडमध्ये १७.३० टाइप केलं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, १७.५ लिहायला हवं होतं. ०.२ अंशांची चूक, प्लॉटच्या मागच्या टोकाला ५३ मिलिमीटर. ऑफिसात कोणाच्याही लक्षात आलं नाही, मी तर बिनधास्त होतो. लाइन-दोरी टाकताना मिस्त्री म्हणाला, “साहेब, मागचा कोपरा काही जुळून नाही राहिला.” उन्हाळ्यात, दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून मी तासभर त्याच्याच टेपमध्ये खोट काढत उभा होतो. खोट माझ्या दशांश चिन्हात होती. आता अंश-मिनिटं आली की मी अंशाच्या जागी डी हे इंग्रजी अक्षर आणि मिनिटांना एकेरी अवतरणचिन्ह घालूनच टाइप करतो, ऑटोकॅडला ते कळतं. नाही तर आधी कॅल्क्युलेटर.

दिशेचाही एक घोळ असतो. सर्व्हेवाले बेअरिंग, म्हणजे रेषेच्या दिशेचा कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. ऑटोकॅड मुळात पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. त्यामुळे तुमचा १७ अंश म्हणजे त्यांचं ७३ चं बेअरिंग. ९० मधून बेअरिंग वजा करायचं, उणे आलं तर ३६० मिळवायचे. युनिट्समध्ये सर्व्हेयर्स युनिट्स निवडूनही चालतं, पण मी ते टाळतो. पुढे फाइल उघडणारा पोरगा गोंधळतो.

म्हणून माझा सल्ला: कोनाचा आकडा वाचून पुन्हा टाइप करण्याच्या भानगडीत पडू नका. दिशा त्या रेषेकडूनच घ्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर वापरला असेल तर आठवा. शीट बोर्डावर लावली की ड्राफ्टरची पट्टी शीटच्या कडेला जुळवायची, मग स्क्रू आवळायचा. शीट किती अंशांनी वाकडी लागली हे कोणी मोजत नव्हतं. पट्टी एकदा जुळली की पुढचं सगळं तिच्या समांतर. ऑटोकॅडमध्ये हेच काम यूसीएस, म्हणजे हवी तशी फिरवता येणारी एक्स-वायची चौकट, करतं.

यूसीएस कमांड द्या, ऑब्जेक्टसाठी ओबी लिहा, आणि हद्दीच्या रेषेवर क्लिक करा. ज्या टोकाच्या जवळ क्लिक कराल ते टोक नवा मूळबिंदू होतं आणि एक्सची दिशा रेषेवरून धावते. म्हणून जो कोपरा आधाराला हवा त्याच्या जवळ क्लिक करा. त्या क्षणापासून तुमचे १७ अंश, किंवा खरं म्हणजे १७.२८ की काय असतील ते, शून्य झाले. इन्क्रिमेंट ९० ठेवला की पोलर आपोआप हद्दीच्या दिशेत आणि काटकोनात. चार जादा कोनांची यादी लागत नाही. ऑर्थो चालतो, म्हणजे सुचवणारा नाही तर अडवणारा. कोपरा मूळबिंदू झाल्याने ५० ची ग्रिड जाळीही बरोबर कोपऱ्यापासून बसते. दाराचे ब्लॉक, म्हणजे तयार चित्रं, टाकले की ते भिंतीच्या दिशेत येतात. लिनिअर डायमेन्शन, म्हणजे साधी मापं, भिंतीला समांतर पडतात, प्रत्येक ठिकाणी तिरप्या मापाचं ‘अलाइन्ड’ शोधावं लागत नाही. हॅचचा कोनही याच दिशेने धरला जातो.

मान वाकडी करून काम करायचं नसेल तर प्लॅन कमांड द्या आणि करंट यूसीएस निवडा. पडदाच फिरतो, प्लॉट डोळ्यांसमोर सरळ येतो. मॉडेल जागच्या जागी राहतं. काही जण रोटेट करून अख्खं ड्रॉइंगच सरळ करतात. ते करू नका. सर्व्हेचे कोऑर्डिनेट गेले की शेजारच्या लेआउटशी जुळणी संपली, आणि तीन महिन्यांनी रस्त्याची सुधारित फाइल आली की ती भलतीकडेच पडते. या यूसीएसला नाव देऊन सेव्ह करून ठेवा. परत जायला यूसीएस, मग वर्ल्ड, मग पुन्हा प्लॅन. छापायच्या शीटवरच्या व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे ड्रॉइंग दाखवणाऱ्या खिडकीतही, हीच युक्ती चालते, फक्त उत्तरेचा बाण तिरपा काढायचं विसरू नका. नकाशा तपासणारे आधी तोच बघतात.

यूसीएस हलवायचं नसेल, एखाद-दुसरीच भिंत असेल, तर पॅरलल नावाचा ऑब्जेक्ट स्नॅप आहे. पहिला बिंदू द्यायचा, हद्दीच्या रेषेवर कर्सर क्षणभर थांबवायचा, क्लिक करायचं नाही, आणि मग कर्सर साधारण समांतर दिशेत आणायचा. ठिपक्यांची रेषा उमटली की लांबी टाइप करायची. किंवा सरळ ऑफसेट, म्हणजे ठराविक अंतरावर समांतर रेषा काढून देणारी कमांड. खरं सांगायचं तर हद्दीपासून ठराविक अंतर सोडून भिंत घ्यायची असेल तेव्हा ऑफसेटला तोड नाही, कर्सर अडवायचा प्रश्नच उरत नाही.

पोलरमध्येच राहायचं असेल तर कोन ‘अ‍ॅब्सोल्यूट’ ऐवजी ‘रिलेटिव्ह टू लास्ट सेगमेंट’ मोजण्याची सोय आहे. हद्दीवरून पहिली रेषा ओढली की पुढच्या रेषेसाठी ९० म्हणजे त्या पहिल्या रेषेशी ९०. टेपने मोजलेल्या बहुकोनी प्लॉटसाठी, जिथे आतले कोन दिलेले असतात, तिथे हे छान चालतं. पण काम झालं की परत अ‍ॅब्सोल्यूटवर आणा. ऑफिसात एका मशीनवर तिघं बसत असतील तर दुसरा माणूस सकाळी येऊन ‘पोलर बिघडला’ म्हणतो.

एफ ११ चं ट्रॅकिंगही (आधीच्या बिंदूंवरून ठिपक्यांची रेषा दाखवतं ते) या सगळ्याशी बांधलेलं आहे. ते मुळात फक्त आडव्या-उभ्या दिशेतच धावतं. पोलरच्याच टॅबमध्ये ‘ट्रॅक युझिंग ऑल पोलर अँगल सेटिंग्ज’ निवडलं की तुमच्या १७ आणि १०७ वरही धावतं. दोन कोपऱ्यांवर कर्सर थांबवून त्यांच्या तिरप्या रेषा जिथे छेदतात तिथे बिंदू पकडता येतो. इथे वेगळी सहायक रेषा काढणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

५० च्या टप्प्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. खोल्या मांडून बघताना, सोफा बसतो का, जिना कुठे जातो हे खेळताना पोलरस्नॅप मस्त. आकडे गोल राहतात. अंतिम ड्रॉइंगमध्ये मी तो बंद करतो आणि दिशा धरून लांबी टाइप करतो. कारण विटेचं काम ५० मध्ये बसत नाही. नऊ इंची भिंत आपण २३० धरतो, साडेचार इंची ११५. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेमुळे इकडे फ्लाय अ‍ॅशच्या विटा सर्रास, त्यांची जाडी भट्टीच्या विटेसारखी असतेच असं नाही. तेव्हा ज्या ठेकेदाराकडे काम जाणार त्याची वीट हातात घेऊन मोजा, टप्पा ठेवायचाच तर मग तो ठेवा.

मी शिकलो तेव्हा ऑटोकॅडचं रिलीज १४ होतं, त्यात पोलर नव्हतंच. ते ऑटोकॅड २००० पासून आलं, आणि डायनॅमिक इनपुट २००६ मध्ये. तिरप्या भिंतीसाठी तेव्हा स्नॅपची जाळी फिरवायचो. जाळीचा तो कोन, म्हणजे स्नॅपअँग, अजूनही आहे आणि ऑर्थो त्याच्या दिशेने वळतो. अधूनमधून एखादी जुनी फाइल येते, क्रॉसहेअर, म्हणजे कर्सरची फुली, तिरपा दिसतो आणि पोरं घाबरतात. स्नॅपअँग शून्य करा, सरळ होतो. यूसीएस फिरलेलं असेल तरी क्रॉसहेअर तिरपा दिसतो, त्यामुळे आधी यूसीएसचं चिन्ह बघा.

लॅपटॉपवर काम करत असाल तर एफ ८, ९, १० शेजारी-शेजारी असल्याने चुकून दाबले जातात. कर्सर उड्या मारत चालला तर आधी एफ ९ बघा, हे नव्वद टक्के वेळा तेच असतं. आणि बऱ्याच लॅपटॉपवर एफएन दाबल्याशिवाय ही बटणं आवाज आणि उजेडच कमी-जास्त करतात. मग माणूस एफ १० दाबतो, पोलर लागत नाही, आणि तो सेटिंग्ज खोदत बसतो.

तुमच्याकडे ऑटोकॅडचं लायसन्स नसेल आणि लिब्रेकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर चाललं असेल तर तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ची बटणं आहेत, फक्त आडवं, फक्त उभं किंवा दोन्ही. तिरप्या दिशेसाठी मी तिथे ‘@लांबी<कोन’ असं टाइप करतो, आणि अशा वेळी कोन चार दशांशांपर्यंत लिहितो. पुन्हा १७ लिहू नका.

आता आधी एवढंच करा: युनिट्समध्ये जाऊन कोनाचे दशांश वाढवा, हद्दीची रेषा लिस्ट करा आणि नेमका कोन काय येतो ते कळवा. त्यात दोन बाजू एकमेकींशी काटकोनात निघाल्या नाहीत, तर कोणत्या बाजूला घर समांतर ठेवायचं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो मालकाला विचारूनच सोडवावा लागेल.